सोंग कुणाला द्यायचं?

"वहिनी, झोप झाली का हो रात्री?"

"कसली झोप! 'मेलास, मेलास' म्हणून कोण ओरडत होतं तुमच्या पडवीत? मी ह्यांना हलवून उठवलं. म्हटलं, ताईंकडे काहीतरी झालंय."

"मेलं-बिलं कोणी नाही. भाचा आलाय ना होळीला, नाशिकचे पाच दोस्त घेऊन. पत्ते नाहीत, कॅरम नाही. वीस बाजूंचा एक फासा टाकतात आणि तोंडानं गोष्ट रचतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणे. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन अशा दोघांनी १९७४ साली काढलेला खेळ."

"म्हणजे आपल्या पोरांच्याही आधीचा! मग ओरडायला काय झालं?"

"भांडण. खेळ अजून सुरूच नाही झाला. कोणी कोण व्हायचं, इथंच गाडं अडलंय."

वहिनींनी कुरडयांची परात उन्हात सरकवली आणि कुंपणाशी नीट टेकून उभ्या राहिल्या. त्या अशा टेकल्या की पाऊण तास कुठे गेला ते कळलं नाही.

मग मी जे कानावर पडलं होतं ते सांगितलं. आमचा भाचा त्यांचा डंजन मास्टर. जग त्यानं उभं करायचं, बाकीच्यांनी त्यात एकेक पात्र घेऊन हिंडायचं. पात्र माणूसच असायला हवं असं नाही. लांब कानांचे एल्फ, दाढीवाले बुटके ड्वार्फ, शिंगंवाले टीफलिंग, ड्रॅगनच्या तोंडाचे ड्रॅगनबॉर्न. २०१४च्या पुस्तकात नऊ जाती होत्या, २०२४च्या नव्यात दहा. शिवाय पुरवणी पुस्तकांतून आणखी ढीगभर. आणि प्रत्येकाला नेमकी त्या ढिगातलीच हवी!

"अहो, मग हा आमचा बोहाडाच की," वहिनी म्हणाल्या. त्यांचं माहेर मोखाड्याचं, आणि बोहाडा म्हणजे तिथला मुखवटे घालून रात्रभर चालणारा सोंगांचा नाच. "बावन्न सोंगं म्हणतात आमच्याकडे. गणपती पुढं, मग शारदा, मग एकेक करत रावण, नरसिंह, वेताळ, आणि शेवटी जगदंबा नि महिषासुर. पण सोंग कोणी घ्यायचं हे काय त्या रात्री ठरवतात? कुठं सोंग घराण्याकडे चालत आलेलं असतं, कुठं बोली लागते. एकदा घेतलं की मुखवटा सांभाळायचा, संबळ वाजला की नाचायचं, आणि पाठ दाखवायची नाही."

"तेच तर. आमच्या भाच्याच्या टेबलावर बोलीही नाही आणि घराणंही नाही. जो मोठ्यानं ओरडेल त्याचं."

"मग कोणाला काय हवंय?"

"एकाला पक्षी व्हायचंय. आराकोक्रा म्हणतात त्याला. पंख असलेला माणूस, खेळाच्या पहिल्या दिवसापासून उडतो. आणि भाच्यानं गोष्ट रचलीय आपल्याच भागात. भूपतगडावर चढायचं, दाभोसाचा धबधबा ओलांडायचा. आता सांगा, पक्षी असेल तर कडा कशाला चढायचा? तो भुर्रकन पलीकडे जाऊन बसणार आणि बाकीचे चौघे दोर बांधत बसणार. भाचा म्हणतो, माझी महिन्याची मेहनत एका पंखानं गेली."

वहिनी खो-खो हसल्या. "बरोबर आहे त्याचं. गणपती पुढं नाचत असताना रावणानं गच्चीवरून उडी मारून देवळात जाऊन बसायचं, चालेल का? सगळ्यांची वाट एकच हवी."

मला ते पटलं. तरी भाच्यानं पक्षी सरळ बाद केला हे मात्र मला खटकलं. पंख द्यायचे नसतील तर कारण सांगावं, नुसतं 'नाही' म्हणून मोकळं होऊ नये. मी तसं म्हटलं तर म्हणाला, "मावशी, तू नको ना मध्ये पडू." नाही पडले. आमटी वाढायच्या निमित्तानं उभी मात्र राहिले.

दुसरी भानगड अंधाराची. ह्या जातींपैकी बहुतेकांना अंधारात दिसतं. माणूस, बुटके हाफलिंग अशी मोजकी मंडळी सोडली तर मशालीची गरजच नाही कोणाला. भाच्यानं गुहेत काळोख, तेल संपत आलंय, मशाल विझतेय असा थाट मांडला होता. पाचांतल्या चौघांनी सांगितलं, आम्हाला दिसतंय.

"हे उलटंच झालं," वहिनी म्हणाल्या. "आमच्या सोंगाला आपल्याच पायाखालचं दिसत नाही. मुखवटा केवढा जड! माझा भाऊ नाचतो तेव्हा डोळ्यांच्या जागी भोकं असतात इवलीशी. पुढं दिवा धरणारा आणि खांद्याला हात लावणारा माणूस नसेल तर तो थेट गटारात. म्हणून तर लोक श्वास धरून बघतात. त्याला सगळं दिसलं असतं तर कोण जागलं असतं रात्रभर?"

हे मी नंतर भाच्याला जसंच्या तसं सांगितलं. तो वहीत लिहून घ्यायला लागला. आयुष्यात मी सांगितलेलं पहिल्यांदाच लिहून घेतलं असेल त्यानं, आणि तेही वहिनींचं.

"वाघाचं काय झालं?" वहिनींनी विचारलं. म्हणजे तेही ऐकू आलं होतं ह्यांना.

"हो ना, एक मुलगी आहे, तिला मांजरमाणूस व्हायचंय. टॅबॅक्सी. भाचा म्हणाला, इथल्या रानातली गोष्ट आहे, तू वाघच हो."

वहिनींचं हसू थांबलं. "वाघ घ्या, पण जपून. आमच्या पाड्याच्या वेशीवर वाघोबा बसलाय, वाघबारशीला त्याला नैवेद्य असतो. वाघ म्हणजे काय पोटभर मटण खाऊन गंमत करणारं सोंग नाही. ती पोरगी वाघ झाली तर गावातल्या लोकांनी तिच्याकडे कसं बघायचं, हे त्यानं आधी ठरवावं. घाबरायचं, की हात जोडायचे, की दोन्ही."

ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली. पोरं पुस्तकात काय मिळतं तेवढंच बघत होती: नख्या किती, वेग किती, किती उंच चढता येतं. त्या जातीला गावात कोण ओळखतं, कोण दार उघडतं, कोण दगड मारतं, हे कोणी विचारलंच नव्हतं. ज्याचं उत्तर डंजन मास्टरला देता येत नाही, ती जात त्यानं घेऊ नये, एवढं साधं आहे माझ्या मते. दहा घ्या की तीन घ्या.

"आणि राक्षस?" वहिनी म्हणाल्या.

"ऑर्क. ते आधी वैरीच असायचे गोष्टीत, मारायला. नव्या पुस्तकात खेळायला मोकळे केलेत. एक मुलगा म्हणतो, मी ऑर्क घेतो. दुसरा म्हणतो, मग मारायचं कोणाला?"

"महिषासुर काय दर वर्षी मरत नाही? पण त्याचं सोंग नाचणाऱ्या घराशी वैर धरतं का कोणी? पहाटे देवी त्याला मारते आणि नंतर दोघं एकाच चुलीवरचा चहा पितात. मुखवटासुद्धा देवीच्या शेजारी फडक्यात गुंडाळून ठेवतात. वाईट असेल तर तो एक महिषासुर. सगळे रेडे नाहीत."

मी हाही निरोप पोचवला. भाचा म्हणाला, "काकूंना बोलावून आण."

आणखी एक मजा. १९७४च्या पहिल्या पुस्तकात हॉबिट म्हणून बुटकी जात होती, टॉल्किनच्या गोष्टींतली. हक्कदारांनी हरकत घेतली, मग पुढच्या छपाईत तीच मंडळी हाफलिंग झाली. वहिनी लगेच म्हणाल्या, "मग! दुसऱ्या घराण्याचं सोंग उचललं तर हे होणारच."

संध्याकाळी भाच्यानं वही पुढं केली. माणूस, ड्वार्फ, टीफलिंग, ऑर्क आणि तो एक वाघ, एवढंच. पक्ष्याला जागा आहे, पण पंख मोडलेले. बरे होतील तसं उडायचं. एल्फ काढले, कारण कोणी मागितलेच नव्हते. प्रत्येकानं आपलं गाव, कुटुंब आणि गावात आपल्याला कोण टाळतं ते लिहून द्यायचं. पक्षीवाला जरा फुरंगटलाय, पण लिहितोय. मी हे सगळं कुंपणापलीकडे वहिनींना सांगितलं.

"बरं ताई, ते शिंगंवाले कोण म्हणालात?"

"टीफलिंग. अंगात कुठून तरी नरकाचं रक्त आलेले. शेपूटही असते."

"उद्या रात्री मी येते. मला तेच द्यायला सांगा," वहिनी परात उचलत म्हणाल्या. "सुनेला कळू देऊ नका मात्र. ती म्हणेल, आईंना सोंग कशाला लागतंय."