मोठेबाबांची लढाई

आमचे मोठेबाबा फौजेत होते. म्हणजे पुलगावला, दारूगोळ्याच्या डेपोत, स्टोअरवर. बडनेऱ्याहून पॅसेंजरनं निघालं की धामणगाव मागं टाकून येतं ते पुलगाव. पण 1971 ची लढाई त्यांनी तिथं लढली, असं अमरावतीत त्यांच्यासमोर कुणी म्हणावं!

आधी ते ढाक्याला होते. 16 डिसेंबरला नियाझी शरण आला, त्याची सही यांनी म्हणे तीन प्रतींवर घेतली. 93,000 कैदीही यांनीच मोजले. "पैल्या मोजणीत दोन कमी भरले ना बापा! मंग पुन्हा मोजले." यावर मोठी आई आतून म्हणायची, "अवो, आता किती मोजसान? जेवाले उठा."

मग 1997 साली 'बॉर्डर' लागला आणि मोठेबाबांची बदली झाली. हुकूम नाही, रेल्वेचं वॉरंट नाही. मध्यंतरात थेट लोंगेवाल्याला हजर! तिथं 23 पंजाबची जेमतेम शंभर-सव्वाशे माणसं रात्रभर टिकली आणि उजाडताच जैसलमेरहून हंटर विमानं आली. मोठेबाबांच्या लोंगेवाल्यात विमानं बरीच उशिरा येतात. तोवर त्यांना एकट्यालाच निभवावं लागतं.

घरात खरं सगळ्यांनाच ठाऊक आहे. मोठ्या आईच्या पेटीत त्या डिसेंबरातलं पोस्टकार्ड आहे, पुलगावच्या शिक्क्याचं: "इकडे थंडी फार, गोधडी पाठवणे." पण ते बाहेर काढतो कोण? अकोल्याचे सोयरे आले की आम्हीच एखादा रणगाडा वाढवून सांगतो. चुलतबहिणीची सोयरीक जुळली, तीत निदान दोन रणगाड्यांचा वाटा होता. हुंड्याचा विषय पाहुण्यांनी काढलाच नाही.

मला विचाराल तर पुलगावात सांगण्यासारखं कमी नव्हतं. पुढची तोफ धडधडते ती मागं कुणीतरी पेट्या बरोबर मोजून धाडल्या म्हणून. पण पेट्यांची गोठ ऐकायला पोट्टे थोडेच जमतात?

परवा अकोल्याच्या नातवानं मात्र नेमकं विचारलं, "आबाजी, तुम्ही सोता किती गोळ्या झाडल्या?"

मोठेबाबा खाटेवर ताठ बसले. लोंगेवाला, ढाका सगळं क्षणात विसरले.

"झाडल्या? अरे, सहीबिगर एक काडतूस बाहेर जाऊ नाही देल्लं म्या!"