‘लोकांना हेच हवं असतं’ यातल्या लोकांस अनावृत पत्र

महाशय,

वृत्तवाहिन्यांना जाब विचारला की उत्तर ठरलेलं असतं: लोकांना हेच हवं असतं. त्या वाक्यातले ‘लोक’ म्हणजे तुम्ही. आजवर सगळी खरमरीत पत्रं वाहिन्यांच्या पत्त्यावर गेली आणि तुम्ही नामानिराळे राहिलात. हे पत्र तुम्हालाच आहे.

२४ फेब्रुवारी २०१८ ला अभिनेत्री श्रीदेवी दुबईत गेली. वय ५४. नवऱ्याच्या भाच्याच्या लग्नासाठी गेलेली बाई. पहिली बातमी हृदय बंद पडल्याची आली. मग शुद्ध हरपून बाथटबमध्ये बुडाल्याचं दुबईच्या यंत्रणेने सांगितलं. त्यानंतर तुमच्या हातातला रिमोट खाली आला नाही. तुमच्यासाठी पडद्यावर बाथटब रंगवले गेले. एका तेलुगू वाहिनीचा बातमीदार स्वतः टबात आडवा झाला. टबात पाणी किती होतं, तिने मद्य किती घेतलं होतं, मृतदेह टिकवण्यासाठीचं एम्बामिंग कसं करतात, शवपेटी कुणाच्या विमानातून येणार, सगळं तुम्हाला हवं होतं. इकडे मुंबईत दोन मुली आईची वाट पाहत होत्या. २७ तारखेला दुबईच्या सरकारी वकिलांनी प्रकरण बंद केलं. तुम्ही केलं नाहीत.

एम्बामिंग म्हणजे काय, हे विचारण्यात गैर काहीच नाही. आखाती देशांत राबायला गेलेला मजूर तिकडेच वारला की त्याच्या घरच्यांना हीच माहिती रडत रडत, दहा ठिकाणी फोन करून मिळवावी लागते. त्या पेट्याही विमानानेच येतात. त्यांच्याबद्दल तुम्ही कधी चौकशी केलीत? तुमच्या कुतूहलाला मरण पुरत नाही, त्याला नट-नटीचाच चेहरा लागतो.

हे दुखणं जुनं आहे. १९७७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत गायक एल्विस प्रेस्ली गेला. मेम्फिसच्या घरात उघड्या शवपेटीतला त्याचा फोटो गुपचूप काढला गेला, विकला गेला आणि एका साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर छापून आला. त्या अंकाच्या लाखो प्रती खपल्या. फोटो काढणारा एकच होता. विकत घेणारे लाखो होते, म्हणून त्या फोटोला भाव आला.

तुम्हाला तर पैसेही मोजावे लागत नाहीत. १४ जून २०२० ला अभिनेता सुशांतसिंह राजपूत गेला आणि काही वेळातच त्याच्या मृतदेहाचे फोटो तुमच्या मोबाईलवर होते. तुम्ही ते पाहिलेत आणि ‘पाहवत नाही’ असं लिहून पुढे धाडलेत. हे फोटो पसरवू नका, कारवाई होईल, असं महाराष्ट्र सायबर विभागाला त्याच दिवशी बजावावं लागलं. ११ नोव्हेंबर २०२५ ला तर तुम्हाला मरणाचीही वाट पाहवली नाही. अभिनेते धर्मेंद्र जिवंत होते, उपचार घेत होते, आणि तुम्ही श्रद्धांजली वाहून मोकळे झालात. बाप जिवंत आहे हे त्यांच्या मुलीला जगाला सांगावं लागलं. ते गेले २४ नोव्हेंबरला.

आपल्याकडे मयताला गेलेला माणूस चितेला अग्नी दिल्यावर मागे वळून पाहत नाही. सुतकाच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाही, गुपचूप उठतो. पाहण्या-बोलण्याला कुठे थांबायचं, हे या रीतींनी ठरवून दिलं होतं. अंत्यदर्शन हीसुद्धा पाहण्याचीच रीत. पण त्यात रांगेने जायचं, फूल वाहायचं, नमस्कार करायचा आणि मागच्याला जागा द्यायची. तुम्ही मात्र तीच चित्रफीत मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहता.

२८ फेब्रुवारी २०१८ ला मुंबईत लोखंडवाला भागातल्या एका क्लबात श्रीदेवीचं पार्थिव ठेवलं होतं. विलेपार्ल्याच्या स्मशानभूमीकडे नेण्यापूर्वी सर्वांना दर्शन खुलं होतं. पत्रकारांनाही कुटुंबाने मनाई केली नाही. अट एकच होती: कॅमेरे बाहेर ठेवून या. म्हणजे दुःखात सहभागी व्हायला तिथे कुणालाच आडकाठी नव्हती. दार बंद होतं ते फक्त तुमच्या नजरेला.

पुढची बातमी आज ना उद्या येईलच. तेव्हा वाहिनी बदला. फोटो आला तर तो पुसून टाका आणि पाठवणाऱ्याला तसं स्पष्ट कळवा. गेलेल्या माणसाबद्दल खरंच काही वाटत असेल तर त्याला नमस्कार करा. नमस्काराला दोन्ही हात लागतात. त्यासाठी मोबाईल आधी खाली ठेवावा लागतो.

कळावे.