थ्री-बीची आई

प्रत्येक सोसायटीत एक असतेच. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत दोघी आहेत, पण दुसरीच्या मुलीचे केस नुसतेच वेव्ही असल्यामुळे पहिली तिला हिशेबात धरत नाही.

बागेतल्या मुलांची नावं हिच्या लक्षात राहत नाहीत. ‘घसरगुंडीवरचा तो थ्री-ए’, ‘डी विंगमधली टू-सी’ असं तिचं चालतं. ऑप्रा विन्फ्रेचे केस बघणाऱ्या आन्द्रे वॉकरने नव्वदच्या दशकात केसांच्या वळणांची ही वर्गवारी मांडली, ती फिरत फिरत आता आमच्या लिफ्टपर्यंत आली आहे. हिची लेक सहा वर्षांची, थ्री-बी. मागे मानेपाशी थोडं थ्री-सी आहे. ते मात्र ती आवाज खाली आणून सांगते, दागिना लॉकरमध्ये असल्यासारखं.

रविवारी त्यांच्याकडे पोहे बारा वाजता होतात, कारण ‘वॉश डे’. केस ओले, त्यात कंडिशनर सढळ हाताने, मग रुंद दातांचा कंगवा आणि गुंता टोकाकडून वर वर सोडवायचा. कोरड्या केसांना कुणी कंगवा लावलाच, तर दिवसभर घरात अबोला. टॉवेल वर्ज्य, केस पिंजारतात म्हणे. पुसायला सुती टीशर्ट लागतात आणि ते नवऱ्याचे असतात. तो बिचारा आता घरातही कॉलरवाले शर्ट घालून फिरतो. शेवटी लेकीला ओणवं करून केस मुठीत चुरगाळत वर ढकलायचे. तेवढा वेळ ती मोबाइलवर कार्टून बघते, उलटं.

केसांना लावायचं जेल घरचं. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळायचे, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच गाळायचे. गार झालं की गाळणीतून थेंब उतरत नाही. बरणी फ्रिजमध्ये, ताकाच्या शेजारी. सासऱ्यांनी एकदा ते जेल काढा समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता, की तेव्हापासून बरणी दोन दिवसांत संपते.

सासूबाईंचं मात्र जमत नाही. त्यांच्या मते पोरीच्या डोक्याला तेल नाही, हेच सगळ्याचं मूळ. हिने त्यांना एकदा नीट समजावलं, “आई, टाळूचं तेल सरळ केसांवरून टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसांच्या वळणांवर ते अडकतं, म्हणून टोकं कोरडी पडतात.”

“मग वरून तेल घाल ना! मी काय वेगळं सांगतेय?”

यावर हिच्याकडे उत्तर होतं, पण त्यात सल्फेट, सिलिकॉन आणि पीएच होता. तोवर सासूबाई कुंडीतल्या जास्वंदीची पानं खुडायला गेल्या होत्या. वाटून केसांना लावल्यावर ती कंडिशनरइतकीच बुळबुळीत लागतात, हे हिने नंतर गुपचूप करून पाहिलं. मला कळलं ते नवऱ्याकडून.

एवढं सगळं करणाऱ्या या आईचे स्वतःचे केस पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत. शाळेत तेल चोपडून, लाल रिबिनी लावून दुमडलेल्या दोन वेण्या. पहिला पगार झाला तसं पार्लर गाठलं, ते अजून सुटलेलं नाही. विचारलं तर म्हणते, “माझं वय गेलं आता.” वय छत्तीस.

मागच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर जावळाचं जेवण होतं. वस्तरा फिरवल्याने केसांची ठेवण बदलत नाही, ती मुळाशीच ठरते, हे ऐकवायला ही वेळेआधी पोचली, तरी उशीरच झाला. बाळ गुळगुळीत. हिने त्याला उजेडात नेलं, डोकं निरखलं, आईच्या सरळ वेणीवर नजर टाकली, मग बाबांकडे वळली. बाबांना पूर्ण टक्कल.

“दहावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो आहे का हो तुमचा?”