जागासोडे

चांदूर बाजारात जागासोडे आडनावाचं एकही घर नाही. तरी बसस्टँडावर उतरून कोणत्याही पानठेल्यावर विचारा, "जागासोडेभाऊ कुठं राह्यते?" पोरगं चुना लावता लावता हात करून दाखवील. माणूस चांगल्या घरचा, चांगल्या आडनावाचा. पण ते आडनाव आता फक्त आधार कार्डावर उरलं आहे, आणि त्याला कारण मी आहे.

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. २०२० साली लॉकडाऊन लागला तेव्हा हा गडी पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आला आणि मग परत गेलाच नाही. दुकानं उघडल्यावर एक दिवस माझ्या पाटीसमोर येऊन उभा राहिला. पाटीवर मी मार्करनं लिहिलं होतं, 'फोटो ५०केबी मधी करून भेटेल'. दोन मिनिटं बघत होता. मला वाटलं भाव पाहून राहिला. मग आत आला आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, जागा सोडा."

आता माझं दुकान नालीवर दीड फूट पुढं आलेलं आहे, हे साऱ्या गावाला माहीत आहे. पोटात गोळाच आला. मी खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला आणि हळूच विचारलं, "साहेब, कोन्या हापिसातून आले?"

"हापिस नाही भाऊ. पन्नास आन केबीच्या मधात जागा सोडा म्हनतो मी."

तेव्हापासून तो जागासोडे.

पूर्वी प्रत्येक गावात एक मास्तर असायचे, लग्नाची पत्रिका हातात पडली की आधी लाल पेन काढून ऱ्हस्वदीर्घ तपासणारे. जागासोडे हा त्याच जातीचा, पण नव्या पिकातला. तो शुद्धलेखन पाहत नाही. माझ्या पाटीवरचं 'भेटेल' त्याला चाललं, 'मधी'ही चाललं. त्याचा जीव फक्त आकड्यात आणि आकड्यानंतर येणाऱ्या दोन अक्षरांत अडकलेला. पत्रिकेतलं '७ वा. १० मि.' त्यानं एकदा माफ केलं. म्हणाला, "मुहूर्त तसाई कोनी पायत नाही."

त्याचं काम काय, हे गावाला समजावून सांगताना त्याच्या आईचं अर्धं आयुष्य गेलं. "सॉफ्टवेअर बनवते का?" तर नाही. सॉफ्टवेअर कसं वापरायचं, ते लिहितो. "म्हंजे फ्रिजसंग येते आन आपन फेकून देतो, ते?" हो, तेच. मी एकदा विचारलं, "वाचते का कोनी?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आमी वाचतो. दर महिन्याले."

तीनशे पानांची पुस्तिका पाच जणांनी लिहिलेली असते. एक जण एमबी लिहिताना बी मोठा काढतो, दुसरा छोटा काढतो, तिसरा पुढं टिंब देतो, चौथा अनेकवचन करून 'एमबीज' करतो, पाचव्याला जागा सोडायची आठवण राहत नाही. जागासोडेचं काम हे पाच जण एका रांगेत उभे करायचं. छोटा बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट, आणि एका बाइटात आठ बिट. गावातली अर्धी पोरं "शंभरचं नेट घेतलं आन बारानंच उतरते" म्हणून नेटवाल्याला शिव्या देतात; ते शंभर छोट्या बीचं असतं आणि उतरताना दिसतं ते मोठ्या बीत, साडेबारा. छोटा एम मिलीचा, मोठा एम मेगाचा. दोघांत फरक शंभर कोटी पटीचा. टक्क्याच्या चिन्हाआधी जागा सोडायची की नाही, यावर पॅरिसजवळचं आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालय म्हणतं सोडा, गूगलची लेखनपुस्तिका म्हणते सोडू नका. ज्या दिवशी टक्के निघतात त्या दिवशी हा जेवत नाही.

काम मराठीत आल्यावर तर त्याची फारच पंचाईत झाली. आपल्या लिपीत मोठं अक्षर, छोटं अक्षर नाहीच. 'एमबी' लिहिलं की मेगाबिट की मेगाबाइट, देवाला माहीत. आठवडाभर तोंड पाडून फिरला. मग एका सकाळी दुकान उघडायच्या आत शटरवर थापा. "भाऊ, सापडलं! वेलांटी!"

मला वाटलं याला काही झालं. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. इंग्रजीत जे काम छोटा-मोठा एम करतो ते मराठीत वेलांटी करते. ऱ्हस्व 'मि' म्हणजे मिली, दीर्घ 'मी' म्हणजे मीटर. 'मिमी' लिहिताना पहिली वेलांटी ऱ्हस्व, दुसरी दीर्घ. अदलाबदल झाली की पाऊस कशात मोजला ते पावसालाही कळणार नाही. मग आम्ही त्याच्या फटफटीवर बसून पाट्या पाहत फिरलो. मला वाटत होतं, चहा पिऊन परत येऊ. परतवाड्याच्या रस्त्याला 'किमी', पुढे 'कि.मी.', त्याच्या पुढे 'कि.मि.', आणि एका दगडावर नुसताच 'की'. बहिरमच्या यात्रेत 'मटन हंडी १ कि.' वाचून त्यानं हंडीवाल्याला विचारलं, किलो की किलोमीटर? हंडीवाला म्हणे, "खाऊन पाय, मंग कितीक लांब पयते ते समजन."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच हिवाळ्यात त्याच्या वडलांनी, म्हणजे आमच्या काकाजींनी, संत्र्यावर फवारायचं औषध आणलं. दुकानदारानं चिठ्ठीवर खरडलं होतं: 'पंपाले १० मि.' काकाजी भला माणूस. त्यांनी झाकणभर औषध टाकलं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं पंप ढवळला. असे बावीस पंप. संध्याकाळी हात खांद्यातून वर होईना. जागासोडेनं ती चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून ठेवली आहे. पाहुणे आले की दाखवतो, काकाजी उठून आत जातात.

मग आली टीबीची भानगड. आमच्या लाइनीत लग्नाची शूटिंग करणारा एक जण आहे. त्यानं अमरावतीहून एक टीबीची हार्डडिस्क आणली, कॉम्प्युटरला लावली, तर आत ९३१ जीबी. त्यानं भर रस्त्यावर आरडाओरडा सुरू केला, "एकोनसत्तर जीबीचा काटा मारला लेकायनं!" काटा मारला म्हटल्यावर आमच्या बाजारात माणसं गोळा व्हायला वेळ लागत नाही. जागासोडेला मी फोन करून बोलावलं, हे माझं चुकलं.

त्यानं सांगितलं की कोणी काही मारलं नाही. डिस्क बनवणारा हजारानं मोजतो, खिडकीवाला कॉम्प्युटर एक हजार चोवीसनं मोजतो, आणि दोघंही लिहितात मात्र 'जीबी'च. हा घोळ मिटवायला १९९८ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगानं चोवीसवाल्या मापाला वेगळी नावं दिली: किबी, मेबी, गिबी. "गिबी!" म्हणून मागून कोणी तरी हसलं आणि मग सगळेच हसले. हसले नाहीत ते फक्त एक म्हातारे अडते. धान्यात जन्म गेलेले. ते म्हणाले, "यात हासाचं काय हाय? हे पायलीचं हाय. गावोगावची पायली येगळी, नाव एकच. हजारवाला काटेकोर मोजते, चोवीसवाला झुकतं माप देते."

जागासोडेनं पाया पडायचंच बाकी ठेवलं. तीन वर्षांत त्याच्या पुण्याच्या साहेबांना जे पटलं नव्हतं ते मोंढ्यातल्या माणसानं एका वाक्यात सांगितलं होतं. सरकारनं १९५६ साली कायदा केला, १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम बाजारात यायला लागले, पायली हळूहळू मोडीत गेली. आणि ही पायली मागच्या दारानं कॉम्प्युटरात शिरून बसलेली! जुन्या फ्लॉपीचं तर आणखीच भारी. तिच्यावर '१.४४ एमबी' छापलेलं असायचं, आणि ते माप १.४४ गुणिले एक हजार गुणिले एक हजार चोवीस, म्हणजे १४,७४,५६० बाइट. अर्धं या गावच्या पायलीनं, अर्धं त्या गावच्या. अडत्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "असा येवार मीनं बी केला नाही कदी."

माझी त्याच्यावर खरी श्रद्धा बसली ती एका रात्री. गावातली एक पोरगी, भरतीचा अर्ज, शेवटची तारीख. रात्रीचे पावणेबारा. फोटो '५० केबीच्या आत' हवा होता. माझ्या कॉम्प्युटरवर फोटो दिसत होता ४९.४ केबी. साइट म्हणत होती, मोठा आहे. पुन्हा टाकला, पुन्हा मोठा. पोरगी रडकुंडीला, तिचे वडील माझ्याकडे असे पाहत होते, जणू तो फोटो मीच फुगवला. मी जागासोडेला उठवलं. तो बनियनवरच आला. फाइलवर उजवं बटण दाबलं, आत पाहिलं: ५०,६०० बाइट.

"तुयं केबी झुकत्या मापाचं हाय," तो म्हणाला, "साइटचं काटेकोर हाय. तिले पन्नास हजारावर एक बाइट चालत नाही. अठ्ठेचाळीस कर."

केला. ४९,१५२ बाइट. घेतला! अकरा त्रेपन्नला पावती निघाली. वडलांनी त्याच्या हातात शंभराची नोट कोंबायला पाहिली, त्यानं घेतली नाही. जाताना वळून म्हणाला, "त्यायनं कोन्तं केबी ते लिवलं असतं, तं मी झोपलेलो असतो." पुढच्या पाटीवर मी '५० केबी' लिहिताना मध्ये जागा सोडली. आता सोडतोच.

त्याच्या गोष्टी सगळ्याच चालतात असं नाही. १९९९ च्या २३ सप्टेंबरला अमेरिकेचं मंगळयान गेलं, कारण एका पक्षाचे आकडे पौंडात होते, दुसऱ्यानं ते न्यूटनमध्ये धरले. ही त्याची हुकमी कथा. पानठेल्यावर सांगितली तर उत्तर आलं, "मंगळ कोनाले सोडते बाप्पा?" लिटरची कथा मात्र चालली. माणसाच्या नावावरून आलेल्या एककालाच मोठं अक्षर मिळतं, न्यूटन, वॅट, व्होल्ट. पण लिटरचा छोटा एल आणि एकचा आकडा सारखेच दिसतात म्हणून १९७९ साली त्याचा मोठा एलही मान्य झाला. त्याच्या आदल्याच वर्षी कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या केनेथ वूलनर यांनी गमतीनं एक अख्खा लिटर नावाचा शास्त्रज्ञ जन्माला घातला होता, जन्मगावासकट, आणि पुष्कळांनी तो खरा मानला. "आपल्याकडं तं असे लय हाय," पानठेलेवाला म्हणाला, "मेल्यावर पेन्शनबी उचलते."

मागच्या उन्हाळ्यात जागासोडेच्या शेजाऱ्यानं भिंत घालायला काढली. दोन्ही घरांच्या मधात बोळ राहावी, असं ठरलं. शेजारी कागद घेऊन आला. जागासोडेनं वाचला. मग पुन्हा वाचला. चेहरा असा उजळला की मला वाटलं प्लॉटच फुकट मिळाला. कागदावर लिहिलं होतं, 'मधात १ मी जागा सोडली जाईल'. एक, मग जागा, मग दीर्घ वेलांटीचा मी, पुढे टिंब नाही. माझ्या दुकानातच त्यानं सही केली, कागद मला दाखवला आणि म्हणाला, "पाय भाऊ. गाव सुधरून राह्यलं."

भिंत आठ दिवसांत उभी राहिली. फटफटी बोळीतून न्यायला गेला तर हँडल दोन्ही बाजूंनी घासलं आणि मधेच अडकलं. मी टेप घेऊन गेलो. दोन फूट दोन इंच.

शेजाऱ्याला विचारलं. तो बोळीत आडवा उभा राहून दाखवायला लागला. काटकुळा माणूस, कमरेवर हात, दोन्ही कोपरं भिंतींना टेकलेली. "एक मी लिवलं व्हतं न बाप्पा? हा पाय, मी. एक."

काकाजी पायरीवर बसून हसत होते, दुखऱ्या खांद्याला हात लावून. जागासोडेनं खिशातून कागद काढला, उलगडला, बराच वेळ पाहिला आणि परत घडी घातली. फटफटी आम्ही दोघांनी मागे ओढून काढली.

"तरी कागद बरोबर हाय," तो म्हणाला. "फकस्त टिंब द्याले लावलं असतं तं तो 'मी' मीटरचाच झाला असता."