बापाची खुर्ची आणि तालमूद

वडिलांच्या ठरलेल्या जागेवर मुलाने बसू नये, हा नियम तालमूद या यहुदी धर्मशास्त्रीय चर्चाग्रंथात चक्क नोंदलेला आहे असे आढळल्यावर प्रस्तुत लेखकाच्या मनात त्या परंपरेविषयी जो आदर दाटून आला, त्याचा विद्वत्तेशी संबंध बेताचाच होता. ग्रंथाच्या 'किद्दुशिन' या विवाहविषयक भागात मुलांच्या कर्तव्याचे दोन प्रकार केले आहेत: 'किबूद', म्हणजे आईवडिलांना खाऊपिऊ घालणे, वस्त्रे देणे, त्यांची ने-आण करणे, आणि 'मोरा', म्हणजे धाक, ज्यात त्यांच्या जागी न बसणे आणि त्यांचा शब्द न खोडणे येते. यांपैकी दुसरा प्रकार सुवाच्य अक्षरात लिहून दिवाणखान्यात टांगण्याजोगा आहे. परंतु त्याच भागात बापाने मुलाला तोरा, म्हणजे धर्मशास्त्र, शिकवावे, धंदा शिकवावा आणि काहींच्या मते पोहायलाही शिकवावे असे म्हटलेले असल्यामुळे, पाण्यात न उतरणाऱ्या लेखकाने तो बेत तूर्त स्थगित ठेवला आहे.

बापपणाच्या अहंकाराला खरे खाद्य मिळते ते बायबलमधील 'हट्टी व बंडखोर पुत्रा'च्या कायद्यात, कारण अनुवाद या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात अशा पुत्राला दगडांनी मारण्याची शिक्षा सांगितली आहे. येथे थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण पुढे रब्बींनी, म्हणजे धर्मशास्त्री पंडितांनी, या कायद्याला अटी लावण्याचा जो सपाटा लावला तो कोणत्याही निष्णात वकिलाने टोपी काढावी असा आहे. मुलगा नुकता वयात आलेला हवा, पण पुरती दाढी फुटलेली नको. त्याने ठरलेल्या वजनाचे मांस आणि ठरलेल्या मापाची मद्ये, तीही इटलीची, रिचवलेली हवी. माल बापाचा चोरलेला, पण खाल्लेला दुसऱ्याच्या आवारात हवा. आईबापांपैकी कोणी लंगडे, मुके, आंधळे वा बहिरे नको. दोघांचीही फिर्यादीला संमती हवी. आणि रब्बी यहूदा यांच्या मताचा जो अर्थ लावला गेला त्यानुसार आई आणि बाप आवाजाने, रूपाने व उंचीने सारखे हवेत. असा पुत्र कधी झाला नाही आणि होणारही नाही, असा निर्वाळा तालमूदमधील एका मतात दिलेला आहे. रब्बी योनातान यांनी मात्र आपण त्याला पाहिल्याचे आणि त्याच्या थडग्यावर बसल्याचे ठासून सांगितले, यावरून प्रत्येक सभेत एक असे गृहस्थ असतातच, हे सिद्ध होते.

बापाला धाकाचा हक्क देऊन त्याच्या हातातला दगड मात्र काढून घेणारी ही परंपरा बाराव्या शतकातील मैमोनिदेस या पंडिताच्या संहितेत अधिक उघड बोलते: मुलांवर मानमरातबाचे जड जू लादू नये, बापाने क्षमा करावी, काणाडोळा करावा. 'तुझ्यासाठी काय काय खस्ता खाल्ल्या' ही थकबाकी दर जेवणाला वाचून दाखवणाऱ्या आईबापांचा प्रस्तुत लेखकाला मनापासून वीट आलेला असल्याने, टांगायचेच झाले तर हे वाक्य आधी टांगावे असे त्याचे मत आहे.

पण सीमा आखणे नेहमीच इतके सुखाचे नसते. तालमूदमधीलच एक पंडित रव असी यांच्या वृद्ध आईने दागिने मागितले, त्यांनी ते दिले. नवरा मागितला, तेव्हा शोधू म्हणाले. तो तुझ्यासारखाच देखणा हवा असे ती म्हणाली, तेव्हा ते तिला सोडून इस्राएलच्या भूमीत निघून गेले. ती मागोमाग येत असल्याचे ऐकून तिला सामोरे जावे की नाही, हे ते गुरूंना विचारीत राहिले, आणि अखेरीस कळले ते हे की येत होती ती तिची शवपेटी. या प्रसंगाशी जुळणारा नियम मैमोनिदेसने असा केला की आईचे वा बापाचे चित्त फारच भ्रमले आणि मुलाला ते सोसेनासे झाले, तर त्याने दूर जावे व देखभालीस दुसऱ्यांना नेमावे. त्यावर दक्षिण फ्रान्समधील राबद या टीकाकाराने, मुलगाच निघून गेला तर सांभाळायला सांगायचे कोणाला, अशी हरकत घेतली, आणि मूळ नियम व ही हरकत दोन्ही आजही एकाच पानावर छापली जातात.