पायाशी मालदांडी

गड्डा यात्रेला गेलेला सोलापूरकर सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन सरळ घरी आलाय, असं कधी ऐकलंय? वाटेत पाळणे, बांगड्या, भांडी, भजी. सुपरमार्केटचं गणित हेच. दूध गाभाऱ्यात ठेवतात. अर्ध्या लिटरची पिशवी आणायला निघालेला माणूस अख्ख्या दुकानाला प्रदक्षिणा घालतो आणि येताना प्रसाद म्हणून झाकणाचे चार डबे घेऊन येतो. दूध राहतंच.

ही विद्या मूळची अमेरिकेतली. १९१६ साली मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिगली विगली’ नावाचं दुकान काढलं. तोवर तिकडंही गिऱ्हाइकानं यादी द्यायची आणि नोकरानं माल काढायचा. सॉन्डर्सनी गिऱ्हाइकाच्याच हातात टोपली दिली आणि सगळ्या मालासमोरून फिरवून गल्ल्यावर आणलं. नोकराचं काम आपण करायचं, तेही बिनपगारी! या युक्तीचं त्यांनी १९१७ मध्ये पेटंटही घेतलं. (आमच्या पेठेतल्या किराणावाल्याला पेटंट सुचलं नाही, पण गोळ्यांची बरणी पोरांच्या नाकासमोर येईल अशी तोही ठेवायचाच की.)

रॅकवरची जागा म्हणजे निवडणुकीचं तिकीट. डोळ्यांसमोरची फळी कर्तबगारीवर मिळतेच असं नाही. बड्या कंपन्या त्या जागेसाठी पैसे मोजतात. वरच्या फळीवर टाचा उंचावून बघावा असा महागडा माल, आणि तळाला स्वस्त, जड, बिनजाहिरातीचे अपक्ष.

परवा ज्वारीचं पीठ आणायला गेलो. छातीच्या उंचीवर ओट्स, कॉर्नफ्लेक्स, सात धान्यांचं कसलंसं मिश्रण. पाकिटांवर हसऱ्या, सडपातळ बायका. शेंगा चटणी आणि कडक भाकरी ‘खास भेट’ म्हणून वेगळ्या टेबलावर, जणू सोलापुरात आम्हीच पर्यटक. आणि ज्वारी? मोहोळच्या संशोधन केंद्रात मालदांडीतून एम ३५-१ वाण निवडला गेला, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, अशी ही घरची लक्ष्मी सगळ्यात खालच्या फळीवर, फिनेलच्या कोपऱ्याला लागून.

गुडघ्यावर हात ठेवून वाकलो. गणवेशातला पोरगा धावत आला.

“काका, काय पडलं की काय?”

“होय बाबा,” म्हटलं, “ज्वारी.”

तो रॅकखाली शोधायला लागला.