विजेच्या गाडीतला बंब

खटपटे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं सांगायला हरकत नव्हती, पण उपयोगही नाही. कारण परदेशातल्या प्रत्येक मराठी वस्तीत हे गृहस्थ असतातच आणि दर ठिकाणी त्यांचं आडनाव वेगळं असतं. गणपतीच्या मखरात मोटर बसवून मूर्तीमागचं चक्र फिरवणारे तेच, आणि ते चक्र ऐन आरतीत अडकलं की टाळ बाजूला ठेवून मखराच्या पाठीमागे शिरणारेही तेच. घरात नवी वस्तू आली की ते वॉरंटीचं कार्ड सगळ्यात आधी वाचतात. कोणता स्क्रू उघडला की वॉरंटी जाते, हे त्यात दिलेलं असतं, आणि त्यांना तोच स्क्रू हवा असतो.

आमचे खटपटे नॉर्वेत असतात, ऑस्लोपासून चाळीसेक किलोमीटरवर, द्रामेनला. मूळचे सांगलीकडचे. वडिलांचं ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. त्यामुळे शाळेत जायच्या वयात त्यांना नोझल साफ करता येत होता. पुढे शिकले, इंजिनिअर झाले आणि तिथेच घात झाला. आता ते ऑस्लोत एका कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरवर पाइपांची चित्रं काढतात. ते पाइप उत्तर समुद्रात दुसरंच कोणी जोडतं. खटपट्यांच्या हाताला वर्षानुवर्षं ग्रीस लागलेलं नाही. माणूस आतून झुरतो म्हणजे काय, ते त्यांचे स्वच्छ हात पाहून कळतं.

अशात त्यांनी विजेची गाडी घेतली. त्यात नवल काहीच नाही, तिथे सगळेच घेतात. नॉर्वे तेल विकतो जगाला आणि स्वतः धबधब्यांच्या विजेवर गाड्या चालवतो. २०२४ साली तिथे विकलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नऊ निव्वळ विजेच्या होत्या. खटपट्यांनी घेतली तेव्हा हे प्रकरण नवं होतं. तेव्हा नव्या विजेच्या गाडीला मूल्यवर्धित कर नव्हता, टोल नव्हता, वर बस लेनमधून जायची मुभा. ‘ईएल’ अक्षरांची नंबरप्लेट लावून गर्दीच्या वेळी बस लेनमधून जाताना बाकीचे गाडीवाले ज्या नजरेनं बघायचे, त्या नजरेचीसुद्धा किंमत होतीच. गाडी निसान लीफ, २०११ची, एका हातची वापरलेली.

पहिल्या रविवारी त्यांनी बॉनेट उघडलं. ऑइल नाही, प्लग नाही, फिल्टर नाही, फॅनबेल्ट नाही. एक चकचकीत डबा, त्याला जाड नारिंगी वायरी, आणि हात लावाल तर मराल असं चित्र. सोबतच्या पुस्तकात देखभालीचं पान शोधलं, तर टायरची हवा बघा आणि काचेच्या फवाऱ्यात पाणी घाला, एवढाच उपदेश. खटपट्यांनी पाणी घातलं. मग बराच वेळ नुसते उभे राहिले. “त्या दिवशी धड जेवलेसुद्धा नाहीत,” वहिनी सांगतात. “मला वाटलं, ऑफिसात काही झालं.”

मग हिवाळा आला आणि देव पावला.

पेट्रोलची गाडी ही मुळात एक शेगडी असते, ती चालते हा तिचा जोडधंदा. जाळलेल्या इंधनातली दोन-तृतीयांश शक्ती उष्णता होऊन वाया जाते. हिवाळ्यात त्यातलीच थोडी आत फुंकली की माणसं उबदार आणि हिशोब शून्य. विजेची मोटर इतकी गुणी की वाया काही घालवतच नाही, आणि म्हणून तिच्याकडे द्यायलाही काही नसतं. ऊब हवी तर बॅटरीतून काढा. लीफची बॅटरी चोवीस युनिटांची, त्यातली वापराला मिळतात एकवीसच्या आसपास. हीटर पाच किलोवॅटपर्यंत ओढणार. कंपनीच्या कागदावर १७५ किलोमीटर, अमेरिकन सरकारच्या मोजणीत ११७, आणि उणे पंधरा तापमानात हीटर लावून द्रामेन ते ऑस्लो आणि परत, म्हणजे ऐंशी, ही गणपतीवर सोडायची गोष्ट. कानटोपी, हातमोजे, मांडीवर शाल अशा थाटात खटपटे बस लेनमधून ऑफिसला जायचे. काचेवर आतून धुकं धरायचं. ते पुसायला डाव्या हातात वहिनींचा जुना टॉवेल.

दुसरा कोणी असता तर त्यानं गाडी विकली असती किंवा आगगाडीचा पास काढला असता. ऑस्लोला तासाला कितीतरी गाड्या आहेत. खटपट्यांनी एक्सेल उघडलं. एक लिटर डिझेल म्हणजे साधारण दहा युनिट उष्णता. “म्हणजे माझी आख्खी बॅटरी म्हणजे अडीच लिटर डिझेल हो! अडीच लिटर! आपण आमटी जास्त करतो.” हे वाक्य त्या डिसेंबरात त्यांनी भेटेल त्याला ऐकवलं. एका डोहाळजेवणातसुद्धा.

कल्पना वेडगळ म्हणावी तर तसंही नाही. गाडीत इंधनावर चालणारा वेगळा हीटर हा जुना आणि प्रतिष्ठित प्रकार आहे. फोक्सवॅगनच्या बीटलला पाण्याचा रेडिएटर नव्हता, तर तिच्यासाठी पेट्रोलवर चालणारा हीटर मिळायचा. नव्वदच्या दशकातल्या विजेवरच्या पूजो १०६ मध्ये ऊब यायची ती पेट्रोलच्या हीटरनं. व्होल्वोनं २०११ मध्ये विजेची सी-३० काढली, तिच्यात इथेनॉलची टाकी होती, केवळ थंडीसाठी. युरोपातल्या कित्येक शहरांत ज्या विजेच्या बस प्रदूषणमुक्त म्हणून मिरवतात, त्यांतल्या पुष्कळांच्या टपावर डिझेलचा हीटर असतो. ही सगळी वंशावळ खटपट्यांना तोंडपाठ आहे. ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो की इतक्या थोरामोठ्यांनी केलं तर मग सोडून का दिलं. पण तो प्रश्न विचारायला मध्ये जागा मिळत नाही.

हीटर आला भंगारातून. स्कँडिनेव्हियातल्या डिझेल गाड्यांमध्ये वेबास्टो किंवा एबरस्पेखर कंपनीचा हीटर बऱ्याचदा आधीपासूनच असतो, इंजिन सकाळी ताठलेलं राहू नये म्हणून. असा एक खटपट्यांनी मोडीत निघालेल्या गाडीतून स्वतः, बर्फात पाठीवर झोपून, काढून आणला. जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडला तेव्हा मी तिथे होतो. दोन मुठींएवढा ॲल्युमिनियमचा डबा. मध्ये जाळाची जागा, भोवती पाणी खेळायची पोकळी, धूर जायला नळी.

“हा बंब आहे,” मी म्हणालो.

खटपट्यांचा चेहरा उजळला. सांगलीच्या घरातला तांब्याचा बंब रोज पहाटे पेटवायचं काम त्यांच्याकडेच असायचं. “अगदी बंब! फक्त गोवऱ्या नाही घालायच्या.” मग त्यांनी जुन्या टूथब्रशनं जाळाच्या नळीतला कार्बन खरवडायला घेतला. काळी पूड बोटांना लागली, नखांत गेली, कपाळावर एक पट्टा उमटला. इतका सुखी माणूस मी त्या देशात दुसरा पाहिला नाही.

चाचणी बाल्कनीत झाली. एक बादली पाणी, दोन नळ्या, बारा व्होल्टची बॅटरी, आणि डिझेल लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. बटण दाबल्यावर आधी पंखा फिरला, आतली काडी तापायला लागली, मग छोटा पंप टिक, टिक, टिक करत थेंब थेंब डिझेल सोडू लागला. मिनिटभर काहीच नाही. एकदम भस्सकन पांढरा धूर, वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन बंद, आणि मग आतून घुमल्यासारखा आवाज. पेटला होता. बादलीतलं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापलं तेव्हा खटपट्यांनी वहिनींना हाक मारली. वहिनींनी पाण्यात बोट घातलं आणि म्हणाल्या, “छान. आता माझी बादली द्या.”

बसवायला उरलेला हिवाळा गेला. लीफचा स्वतःचा हीटरही आधी पाणीच गरम करतो आणि ते पाणी आत फिरवतो, त्यामुळे त्याच वाटेत बंब जोडायचा. पाणी आधीच तापलेलं आलं की गाडीचा हीटर गप्प बसतो. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात पाइपात हवा धरली आणि ती काढायला खटपटे दर संध्याकाळी गाडीचं नाक चढावर लावून उभे. पंप सपाट बसवायचा नाही, तोंड वर करून तिरका, नाहीतर बुडबुडे अडकतात. धुराची नळी खालून, सायलेन्सर लावून, दारा-खिडक्यांपासून लांब; कार्बन मोनॉक्साइड आत आला तर ऊब कायमची. याबाबतीत मात्र त्यांनी हयगय केली नाही. गाडीत दोन अलार्म आहेत, आणि वाहनांतल्या हीटरसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा १२२ क्रमांकाचा नियम ते श्रावणातल्या कहाणीसारखा वाचून दाखवतात.

आणि चालला! हे प्रांजळपणे सांगायला हवं, कारण अशा माणसांची फजितीच ऐकायला लोक टपलेले असतात. उणे चौदा तापमानात दहा मिनिटांत गाडीत स्वेटर काढावा लागला. खर्च तासाला अर्धा लिटरच्या आतबाहेर, आणि बॅटरी सगळी चाकांसाठी.

अडचणी तांत्रिक नव्हत्या, सामाजिक होत्या. पेटताना निघणारा पांढरा धूर नेमका सिग्नलला निघायचा. नॉर्वेत माणसं अनोळखी माणसाशी उगाच बोलत नाहीत, शेजाऱ्याशीसुद्धा बेतानंच. पण विजेच्या गाडीखालून धूर येताना दिसला की ती बोलतात. एका आजीबाईंनी काचेवर स्कीची काठी आपटून खटपट्यांना बाहेर यायला लावलं. पेट्रोल पंपावर वेगळीच कथा. ‘ईएल’ पाटीची गाडी डिझेलच्या नळीपाशी उभी राहिली की काउंटरवरची मुलगी माइकवरून सांगायची, चार्जर मागच्या बाजूला आहे. खटपटे खिडकीतून डबा उंच करून दाखवायचे. तिला वाटायचं, हा वेडा डबा दाखवतोय.

शेजारच्या घरातल्या गृहस्थांनी २०२० साली एकदा कुंपणापाशी थांबून हळूच आठवण करून दिली की, या वर्षापासून घरं तापवायला खनिज तेल जाळण्यावर देशात बंदी आली आहे. खटपटे म्हणाले, ही गाडी आहे. गृहस्थांनी गाडीकडे पाहिलं, धुराड्याकडे पाहिलं, आणि मान हलवून आत गेले. मान उभी हलवली की आडवी, यावर घरात अजून मतभेद आहेत.

मोठी गोची गॅरेजची. बंद जागेत जाळ करायचा नाही, म्हणजे गाडी गॅरेजात असताना तापवता येत नाही. तेव्हा ऐन थंडीत खटपटे आधी गाडी बाहेर काढतात, हीटर लावतात आणि ती तापेपर्यंत बाहेर बर्फात उभे राहून पंपाची टिकटिक ऐकतात. “आत बसा की,” मी म्हटलं. तर म्हणाले, “आतून ज्वालेचा आवाज नीट कळत नाही.” लेकीनं सांगून पाहिलं की बाबा, गाडी प्लगला लावलेली असताना मोबाइलवरून हीटर सुरू करता येतो, बॅटरी खर्चीच पडत नाही. “आणि ऑफिसातून निघताना?” खटपट्यांनी विचारलं. बिनतोड मुद्दा. तो त्यांनी दोन वर्षं जपून ठेवला होता.

वहिनींनी वाद घातला नाही. त्या एका शनिवारी दुकानात गेल्या आणि सिगारेट लायटरच्या भोकात लावायची गरम होणारी गादी घेऊन आल्या. पंचेचाळीस वॅटची. बंब पाच हजारांचा. तेव्हापासून त्यांच्या बाजूच्या सीटवर ती गादी आहे; त्या बसतात, वायर लावतात आणि पेपर उघडतात. खटपटे त्या गादीकडे बघतसुद्धा नाहीत. मात्र ती आणल्यावर आठवड्याभरात त्यांनी तिची वॉरंटी वाचून काढली होती, असं लेकीचं म्हणणं.

आता राहिला उन्हाळा. हीटरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा दहा मिनिटं तो चालवावा, म्हणजे पंप आणि बर्नर अडकत नाहीत. खटपटे पुस्तकातलं फक्त हेच कलम अक्षरशः पाळतात. पाण्यातली उष्णता कुठेतरी जायला हवी म्हणून आतला पंखा पूर्ण, आणि शिवाय पूर्ण ताकदीनं जळला तरच कार्बन सुटतो, म्हणून बटणही पूर्ण.

गेल्या मे महिन्यात वहिनींचे वडील सांगलीहून आले. उन्हाळा चुकवायलाच आले होते. खटपट्यांनी त्यांना मोठ्या कौतुकानं फ्योर्ड दाखवायला बाहेर काढलं आणि वाटेत आठवलं की या महिन्याची दहा मिनिटं राहिलीत. बाहेर पंचवीस तापमान, निरभ्र ऊन, आत लू. मामांनी आधी जाकीट काढलं, मग टोपी, मग सदऱ्याची वरची दोन बटणं. खिडकी उघडायला हात गेला तर खटपटे म्हणाले, “मामा, चारच मिनिटं. मग तो स्वतःहून थंड होऊन बंद होतो, मध्येच तोडायचा नसतो.”

मामांनी रुमालानं मान पुसली. मागच्या सीटवरच्या नातीकडे वळून पाहिलं. ती दोन्ही काचा खाली करून निवांत बसली होती. मग त्यांनी अतिशय मऊ आवाजात विचारलं, “जावईबापू, गाडी बिघडलीय, का नीट केलीय?”